मोटारहोम मनालीत सोडून गड्ड्याला (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला) यायचंय. पाइपातल्या पाण्याचं काय करू?

डफरीन_चौक · २० डिसेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. जरा लांबण आहे, चहा घेऊनच वाचायला बसा.

दोन वर्षांपूर्वी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि अक्कलकोट रोडच्या एका फॅब्रिकेटरकडून तिचं फिरतं घर करून घेतलं. पलंगाखाली १२० लिटरची पाण्याची टाकी, फरशीखाली ७० लिटरची सांडपाण्याची, फवारणीच्या पंपात असते तसली १२ व्होल्टची मोटर, १० लिटरचा विजेचा गीझर, सिंक, शॉवरचा मिक्सर, मागच्या दाराशी पाय धुवायला एक बाहेरचा शॉवर आणि कॅसेटवाला (खालची मैल्याची पेटी काढून रिकामी करायची तसला) संडास. पाइप सगळे अर्ध्या इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारं कडक प्लास्टिक.

मागच्या डिसेंबरात किन्नौरला गेलो होतो, कल्पाला मुक्काम. आज रात्री फार गार पडणार असं गावातले म्हणाले, म्हणून झोपायच्या आधी टाकीचा कॉक उघडून टाकी पार मोकळी केली. टाकी रिकामी म्हणजे पाणी संपलं, ही आपली सोलापुरी व्याख्या. चार-चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात वाढलोय. पाणी भरायचं कसं हे झोपेत विचारा, सोडायचं कसं हे कधी कुणी शिकवलंच नाही.

सकाळी नळ सोडला तर थेंब नाही. म्हटलं बरोबरच आहे. मग किन्नर कैलासच्या मागून ऊन आलं, गाडी तापली आणि अकराच्या सुमारास बायको म्हणाली, "अहो, गादी ओली कशानं?" गीझरच्या खालच्या एल्बोला केसासारखी चीर. मिक्सरचं कार्ट्रिज फुटलेलं. मोटरीच्या डोक्याचं प्लास्टिक तडकलेलं. फुटलं होतं रात्रीच, पण बर्फानंच बूच मारून ठेवलं होतं. वितळलं तेव्हा गळायला लागलं. गादीखालचा प्लायवूड अजून फुगलेला आहे. त्यावर झोपलं की माणूस डावीकडे घरंगळतो.

यंदा ५ जानेवारीला मनालीत पोचतोय. मेव्हण्याच्या मित्राची सफरचंदाची बाग आहे, तिथे गाडी लावून १० तारखेला मी बसनं निघणार, कारण गड्ड्याच्या यात्रेत अक्षतेला (सिद्धेश्वरांच्या लग्नसोहळ्याला) घरी नसलो तर आई बोलणं टाकेल. गाडी मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथेच. हीटर नाही, वीज नाही, माणूस नाही. पाण्याची सगळी व्यवस्था दोन महिने न फुटता कशी राहील, एवढंच सांगा. गाडी खाली आणून लाव हा सल्ला नको, तो सासऱ्यांनी दिलाय.

---

कडक_भाकरी · २० डिसेंबर, रात्री १०:३१

काय करलालास बे! इथं मे महिन्यात गार पाण्याच्या नळाला गरम पाणी येतंय म्हणून आम्ही गीझरचं बटण विसरलोय, आणि तू पाइप गोठला म्हणून धागा काढलास. गाडी गड्ड्यात, होम मैदानावर पाळण्यांशेजारी लाव. गोठली तर नाव बदलीन.

---

मिशिगनची_थंडी · २१ डिसेंबर, पहाटे ४:५०

शीर्षक वाचून हसलो होतो, ओल्या गादीपाशी हसू गेलं. मी मूळचा सोलापूरच्या सात रस्त्याचा, गेली २२ वर्षं मिशिगनला. आमच्याकडे मोटारहोम आहे आणि दर ऑक्टोबरात, पहिली कडक थंडी पडायच्या आत, हा उद्योग ठरलेला. पहिल्या वर्षी मीही तुमच्यासारखीच फक्त टाकी सोडली होती. एप्रिलमध्ये स्वयंपाकघराच्या फडताळातून कारंजं.

आधी फुटतं का ते समजून घ्या, म्हणजे कुठला कोपरा राहिला ते आपोआप सुचत जाईल. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. पण पाइप बर्फ झाला तिथेच फुटतो असं नाही. मध्ये बर्फाचा बोळा बसतो आणि बोळा ते बंद नळ यांच्यामधलं पाणी कोंडलं जातं. बर्फ वाढला की तो त्या कोंडलेल्या पाण्याला दाबतो आणि जो जोड सगळ्यात कच्चा तो जातो. तुमचा एल्बो असाच गेला असणार. म्हणून टाकीपेक्षा महत्त्वाचा पहिला नियम: सगळे नळ उघडे. कोंडायला जागाच ठेवायची नाही.

आता क्रम. गीझरची वीज बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्या. गरम आणि दाबाखाली असताना त्याचा खालचा जोड कधीही सोडू नका, हात भाजेल. ताजी टाकी सोडा, सांडपाण्याची सोडा. पाइपाच्या सगळ्यात खालच्या जागी एक गरम आणि एक गार असे दोन कॉक हवेत. नसतील तर आत्ता सोलापुरात असतानाच बसवून घ्या, तिकडे हात बधिर झाल्यावर होत नाही. मग गीझर रिकामा, आणि त्याच्या गार आणि गरम पाइपांना जोडणारा छोटा बायपास बसवायचा. नाहीतर पुढे जे गोठणरोधक द्रव घालाल, त्यातलं दहा लिटर गीझरच पिऊन टाकेल.

यानंतर दोन वाटा. एक, कॉम्प्रेसरनं हवा मारून पाइप कोरडे करायचे. दोन, मोटरीची टाकीकडची नळी काढून ती गुलाबी अँटिफ्रीझच्या (त्याच गोठणरोधक द्रवाच्या) कॅनमध्ये बुडवायची आणि एकेक नळ गुलाबी येईपर्यंत चालवायचा. लांबचा नळ आधी, जवळचा शेवटी. गरमही, गारही. बाहेरचा शॉवर हमखास विसरतो माणूस. मी दोन्ही वाटा करतो, आधी हवा, मग गुलाबी. सिंकच्या आणि शॉवरच्या खालच्या वाकड्या सापळ्यात पाणी उरतंच, हवेनं ते जात नाही. तिथे कपभर गुलाबी ओतायचं. फिल्टरची कांडी काढून घरी न्यायची.

आणि कृपा करून इंजिनचा कूलंट ओतू नका. बहुतेक कूलंट इथिलीन ग्लायकॉलचे, विषारी. पिण्याच्या पाइपाला चालतो तो प्रॉपिलीन ग्लायकॉल. रंगावर विश्वास ठेवू नका, गुलाबी कूलंटही मिळतो. डबा वाचा.

---

डफरीन_चौक · २१ डिसेंबर, सकाळी ८:०५

दादा, तुम्ही पहाटे उठून लिहिलंत (की तिकडे संध्याकाळ होती?). फार आभार. अडचण अशी की ते गुलाबी कॅन इथे मिळत नाही. चाटी गल्लीपासून नव्या पेठेपर्यंत विचारलं. एका दुकानदारानं मला कूलंटच दिला आणि वर म्हणाला, "पिण्यासाठीच पाहिजे का?"

---

कडक_भाकरी · २१ डिसेंबर, सकाळी ८:२०

मीठ टाका की. नाहीतर देशी. देशी गोठलेली बघितलीय का कुणी?

---

रसायनताई · २१ डिसेंबर, सकाळी ११:४४

भाकरी, तुझी थट्टा आहे, पण कुणी खरंच करायचं म्हणून लिहिते. मिठाचं पाणी उशिरा गोठतं हे खरं, पण पितळेचे जोड आणि गीझरचा एलिमेंट दोन महिन्यांत खाऊन टाकेल. अल्कोहोलवाली अँटिफ्रीझ परदेशात मिळतातही. त्यांची अडचण म्हणजे ती पेट घेतात आणि रबरी वायसर कोरडे पाडतात. देशी बाहेरच ठेव.

डफरीन दादा, तयार कॅन शोधूच नका. प्रयोगशाळेची आणि औषधी कच्चा माल विकणारी दुकानं असतात, तिथे प्रॉपिलीन ग्लायकॉल मागा, औषधी दर्जाचं, लेबलावर आयपी किंवा यूएसपी लिहिलेलं. औद्योगिक दर्जाचं नको. आकारमानानं ३० टक्के मिसळलं तर साधारण उणे १३ पर्यंत, ४० टक्क्यांना उणे २१ च्या आसपास आणि निम्मं-निम्मं केलं तर उणे ३३ पर्यंत टिकतं. मनालीसाठी ४० पुरलं असतं, पण पाइपात उरलेलं पाणी त्यात मिसळून ते पातळ होणार, म्हणून निम्मं-निम्मंच करा.

आणखी एक. हे द्रव पाण्यासारखं रंगहीन असतं. गुलाबी रंग त्या तिकडच्या कंपन्या घालतात, तो ग्लायकॉलचा स्वतःचा नाही. मग नळातून पाणी येतंय की ग्लायकॉल, हे कळणार कसं? चिमूटभर खायचा रंग घाला.

---

पाइपपाना · २१ डिसेंबर, दुपारी २:१५

मी एमआयडीसीत प्लंबिंगची कामं घेतो. वर सगळं बरोबर आहे, पण अमेरिकेतल्या गाडीत आणि आपल्या गाडीत फरक आहे. तुमचा गीझर घरगुती आहे ना? त्याच्या गार पाण्याच्या तोंडाला एक छोटा पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, बाजूला चिमुकली दांडी. त्यात उलट पाणी जाऊ नये म्हणून झडप असते. तुम्ही खाली कितीही कॉक उघडा, गीझरचं पाणी त्या झडपेपाशी अडून बसणार. कल्पाला तेच झालं. टाकी रिकामी, पण गीझर गच्च भरलेला, आणि तो एल्बो त्याच्याच तोंडाशी.

दांडी उचलून थोडं पाणी येतं, पण सोलापुरात उचलायला गेलं तर दांडीच उचलत नाही. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसून व्हॉल्व्ह दगड झालेला असतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ गीझरची हीच कथा. थंडी लांबची गोष्ट, इथेही तो अडकलेला व्हॉल्व्ह धोक्याचा, दाब सुटायची वाटच बंद. काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर टाका, नाहीच सुटला तर नवा घ्या, काही शे रुपयांचा असतो.

गीझर सोडताना तो व्हॉल्व्ह पूर्ण काढून घ्यायचा, खाली बादली, आणि गरम पाण्याचा नळ उघडा. वरून हवा शिरली नाही तर पाणी उतरत नाही. तेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडतो ना, तसंच.

हवेबद्दल. पंक्चरवाल्याच्या नळीला थेट जोडू नका. ट्रकची हवा असते ती, शंभराच्या वर. जे बर्फानं फोडलं नाही ते तो फोडेल. रेग्युलेटर लावून मोटारीच्या चाकात भरतो तेवढीच, ३५ ते ४० पीएसआय. आणि तो सिगारेट लायटरला लावायचा छोटा पंप चालत नाही. दाब दाखवतो पण हवा कमी, पाण्यावरून नुसते बुडबुडे जातात. टाकीवाला कॉम्प्रेसर हवा, एका वेळी एकच नळ उघडा.

द्रव किती लागेल? अर्ध्या इंची सीपीव्हीसीत मीटरला शंभर-सव्वाशे मिलीच पाणी मावतं. बारा मीटर पाइप धरला तरी दीड लिटर. गीझर बायपास केलात तर पाच लिटर मिश्रण उरेल इतकं होईल.

ता.क. सीपीव्हीसी थंडीत ठिसूळ होतो आणि गाडीत हादरे वेगळे. पुढच्या वेळी पेक्स (लवचीक प्लास्टिकचा पाइप) टाका. तो थोडं ताणून घेतो.

---

निवृत्त_सुभेदार · २१ डिसेंबर, रात्री ९:०२

बार्शीहून. द्रासला दोन हिवाळे काढलेत. वरच्या मंडळींनी गाडी सोडून जायचं सांगितलं, पण ५ ते १० तारखेपर्यंत तुम्ही तीत राहणार आहात, त्याचं काय? ते पाच दिवस पाइपात पाणी घेऊच नका. सोलापुरातूनच कोरडी गाडी न्या. वीस लिटरच्या दोन कॅनमध्ये पाणी ठेवा, पाऊण भरायचे, काठोकाठ नाही, फुगायला जागा लागते. कॅन रात्री पलंगाजवळ, दाराजवळ नको. तांब्यानं घ्यायचं, तांब्यानं ओतायचं. पहाडातले लोक हिवाळ्यात हेच करतात, नळ कोरडे ठेवतात आणि बादलीवर भागवतात. लाज कसली त्यात.

मोटरीची एक खूण लक्षात ठेवा. मार्चमध्ये पाणी भरलंत की मोटर दाब धरून गप्प बसली पाहिजे. सगळे नळ बंद असताना ती मध्येच टक-टक करून थांबत असेल तर कुठेतरी गळतंय. कान द्या तिच्याकडे.

---

डफरीन_चौक · २२ डिसेंबर, सकाळी ७:३०

सुभेदार काका, "सोलापुरातूनच कोरडी न्या" हे मला सुचलंच नव्हतं. एवढं सगळं मी बागेत, बर्फात, हातमोजे घालून करायला निघालो होतो. इथे पंचवीस-तीस अंशात दुपारी आरामात होईल. सासऱ्यांना हे सांगू नका, ते असंच काहीतरी म्हणाले होते.

---

डफरीन_चौक · २९ डिसेंबर, रात्री ११:२०

झालं. आज रविवार, होटगी रोडला मित्राच्या गॅरेजात, सकाळी दहा ते पाच.

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल पाइपपाना शब्दशः खरे. दांडी हलेना. काढून बघितला तर आत चुन्याची अंगठी, नखानं खरवडली तर पापडासारखी सुटली. नवा घेतला. तो जुना निघाल्यावर गीझरमधून आधी काहीच येईना. गरम नळ उघडला, मग गुळगुळ आवाज होऊन बादलीभर पाणी आलं. तेलाच्या डब्याची उपमा पोरालाही पटली.

हवा मारताना एक गंमत. मिक्सरची दांडी डाव्या बाजूला ठेवून मी खुशीत होतो, कोरडी हवा येत होती. पोरानं दांडी मध्यावर आणली आणि आतून पाव कप पाणी उडालं, थेट माझ्या चष्म्यावर. म्हणजे गरम, गार आणि मध्य, तिन्ही करायचं. शेवटी दांडी मध्यावर आणि उघडी ठेवली.

ग्लायकॉल अडीच लिटर मिळालं, अडीच लिटर फिल्टरचं पाणी, आणि जिलेबीचा केशरी रंग. रसायनताई, तुम्ही चिमूटभर म्हणाला होतात, बायकोनं चमचा घातला. नळातून आधी पाणी, मग फिकट, मग एकदम झेंडूसारखी केशरी धार. बाहेरच्या शॉवरमधून ती पाहून शेजारचा पेंटर विचारायला आला, हे काय भरताय. शॉवरच्या पांढऱ्या पडद्यावर डाग पडलाय तो कायमचा.

मोटरीची जाळी उघडली. तिच्या वाटीत बोटभर पाणी होतं, पुसून घेतलं. सिंकखालच्या सापळ्यात, म्हणजे बॉटल ट्रॅपमध्ये, कपभर ओतलं. कॅसेट धुऊन कोरडी. गीझरच्या एमसीबीवर टेप लावून लिहिलं, "आत पाणी नाही, लावू नये". मार्चमध्ये घाईत मीच लावीन आणि एलिमेंट जाळीन, मी मला ओळखतो.

---

मिशिगनची_थंडी · ३० डिसेंबर, पहाटे ५:१५

वा! टेपची आयडिया मीही घेतो. माझा एक एलिमेंट असाच गेलाय, इथे कबूल करतो, घरी नाही केलं.

---

डफरीन_चौक · १३ जानेवारी, रात्री ८:४०

घरी पोचलो. मनालीत पाच रात्री दोन कॅनवर काढल्या. चौथ्या दिवशी सकाळी दाराकडच्या कॅनवर बर्फाची टोपी होती (हो काका, दाराकडे ठेवला होता, ऐकलं नाही), पलंगाजवळचा ठीक. गाडीवर वीतभर बर्फ सोडून आलो. अक्षतेला संमती कट्ट्याच्या गर्दीत उभा होतो तरी डोक्यात गाडीच.

---

कडक_भाकरी · १३ जानेवारी, रात्री ८:५५

शेंगा चटणी घेऊन गेलता का? ती गोठते का सांग, संशोधन होईल.

---

डफरीन_चौक · ९ मार्च, दुपारी १:१०

बागेतूनच लिहितोय. सकाळी नऊला गाडी उघडली. आधी कोरडी पाहणी: गीझर, एल्बो, मिक्सर, मोटर, सगळं जागच्या जागी. पाणी भरलं, मोटर लावली, नळांतून केशरी पाणी बादलीत घेतलं, बागेत नाही सोडलं. ते विषारी नसलं तरी ओढ्यात गेलं की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, हे ताईंनी मला फोनवर बजावलं होतं. पाच-सहा बादल्यांनी रंग गेला, गोडसर चव जरा चिवट. आज रात्री १२० लिटरला सव्वाशे मिली वास नसलेलं ब्लीच, ४-५ टक्क्यांचं, घालून ठेवणार. सकाळी धुऊन टाकलं की मगच प्यायचं.

सगळे नळ बंद केले. मोटर थांबली. मी खूश. दहा सेकंदांनी टक. परत गप्प. परत टक.

सुभेदार काका, तुमचा तो टक-टक मला कल्पाच्या गादीपेक्षा जास्त लागला. पलंग उचलला, एल्बोला टिश्यू लावून बघितला, कोरडा. मिक्सर कोरडा. बाहेरचा शॉवर कोरडा. अर्धा तास. शेवटी बायको संडासातून ओरडली.

जेट! संडासातला जेट, धुवायचा हातातला फवारा. कॅसेटच्या संडासात तो असतो हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंच नव्हतं, कारण तो मला कधी नळ वाटलाच नाही. त्याचा अँगल कॉक मी गाडी सोडताना शिस्तीत बंद करून ठेवला होता. म्हणजे मिशिगनदादांनी सांगितलेलं कोंडणं मी स्वतःच्या हातानं केलं. नळीत पाणी, दोन्हीकडून बंद. हँडल उभं चिरलंय, अँगल कॉकही गेला.

---

मिशिगनची_थंडी · ९ मार्च, संध्याकाळी ६:०२

माझ्या यादीत जेट नाही, कारण इथल्या गाड्यांत तो येतच नाही. आम्ही बाटलीवर भागवतो. यादी छापून फडताळाच्या दाराला आतून चिकटवली आहे, आता पेननं लिहिलं: जेट, आणि त्याचा कॉक उघडा.

---

पाइपपाना · ९ मार्च, संध्याकाळी ७:२०

अँगल कॉक बदलेपर्यंत त्या फांदीला अर्ध्या इंची प्लग मारा, बाकी गाडी चालेल. कॉक पितळी घ्या. आणि जेट मनालीत घेऊ नका, इथे नव्या पेठेत निम्म्यात मिळेल.

---

डफरीन_चौक · ९ मार्च, संध्याकाळी ७:४१

प्लग आहे, टेफ्लॉन टेप पण आहे. पण दादा, सोलापूर इथून दोन हजार किलोमीटरच्या वर आहे. तोवर तांब्या.